दादाचा आवाज आणि दोन कॅमेरे

डिजिटल कॅमेरा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक गोंदियात एकच प्रश्न विचारायचं, "भैया, कितने मेगापिक्सल का है?" मी आकडा सांगायचो. गिऱ्हाईक तो आकडा घरी नेऊन शेजाऱ्याला ऐकवणार हे मला ठाऊक असायचं. मी स्वतः मात्र माल उचलताना आधी दुसरीच गोष्ट बघायचो. भिंगाच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक आहे का? ते भोक म्हणजे माईक. काही कॅमेऱ्यांना ते असायचं, काहींना नसायचं. नसलेला कॅमेरा व्हिडिओ काढायचा, पण मुका.

ही सवय मला माझ्या थोरल्या भावामुळे लागली. त्याच्या गळ्यातली आवाजाची पेटी डॉक्टर काढून टाकणार होते. तो आवाज ठेवून घ्यायचा होता, आणि माझ्या हाताशी दोन कॅमेरे होते. त्यातला एक मुका होता. त्या आवाजाशी माझं भांडण होतं, आजही आहे.

आमचं गाव गोरेगावच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांत. बाप गेल्यावर शेती दादाकडे राहिली. मी त्याच्या कितीतरी आधी घर सोडलं होतं. गोंदियाच्या स्टेशनबाहेर गाडीवर घड्याळाचे पट्टे आणि सेल विकले, मग एका दुकानाच्या पायरीवर रेडिओ दुरुस्त करत बसलो, मग एक काउंटर भाड्यानं घेतलं, मग स्वतःचं दुकान. कोणी हात दिला नाही. भाव करणं मी हौसेनं शिकलो नाही. ज्याच्या मागं कोणी नसतं त्याला ते करावंच लागतं, आणि केलं की लोक त्याला चिंधीचोर म्हणतात.

बाप गेला तेव्हा तिरडीचं सामान आणायला मी गोरेगावला गेलो. बांबूवाल्यानं माझे रडलेले डोळे पाहिले आणि दुप्पट भाव सांगितला. अशा वेळी माणूस बोलत नाही, मुकाट्यानं देतो, हे त्याला माहीत होतं. त्याचा धंदाच त्यावर चालत होता. मी बोललो. चार माणसं गोळा झाली एवढ्या मोठ्यानं बोललो. त्यानं योग्य भाव लावला आणि मी सगळं सामान चांगलं घेऊन घरी आलो. काही कमी आणलं नाही, हलकं आणलं नाही. त्या भांडणाचं मला आजही काही वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा भांडेन.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात आणि भर दिवसा दंडार होते. गाणं, नाच आणि मध्ये मध्ये सोंगं. सोंगांमध्ये गावातल्याच माणसांची फिरकी घेतात. सरपंच असो, पटवारी असो, सासरा असो, कोणी सुटत नाही. दादा तरुणपणापासून दंडारीत बाईचं काम करायचा. मंडई जवळ आली की मिशी काढायचा. अंगावर लुगडं, पायात चाळ आणि आवाज मात्र पुरुषाचाच, भरलेला, वर चढला की कडेला थोडा खरखरणारा. तो आवाज बारीक करायचा नाही. तरीपण थोड्याच वेळात पुढं बसलेल्या बाया त्याला बाई म्हणूनच ऐकायला लागायच्या. लांबच्या गावांहून माणसं सायकली मारत यायची ती त्याच्यासाठी.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास माझ्या दुकानात पहिला डिजिटल कॅमेरा आला. विकण्याआधी तो मी मंडईला नेला. खरं सांगायचं तर दादाचे फोटो काढायचे होते. जाडजूड कॅमेरा, चार सेल घालायचे. हातात धरायला चांगला, पण त्याचा एक मोठा दोष तिथंच कळला. बटण दाबलं की तो जरा विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. दादानं गिरकी घेतली, मी दाबलं, फोटोत त्याची पाठ आली. हात उंचावला, मी दाबलं, फोटोत हात खाली. उन्हात कॅमेऱ्याच्या मागचा पडदाही दिसेना. मी सरकत सरकत अगदी पुढं जाऊन बसलो, आणि तेवढ्यात दादाचं लक्ष माझ्याकडं गेलं.

दंडारीतल्या जोकरनं त्याला विचारलं, "बाई, तुहा नवरा कुठं गेला व?"

"बापाच्या तिरडीले बांबू आनाले गेला."

"मंग आला काऊन नाही?"

"भाव करून राह्यला ना. म्हनते, बाप बारीक मानूस होता, बांबू बारीक दे अन् भाव बी बारीक कर."

लोक हसायला लागले. मान वळवून माझ्याकडं बघायला लागले.

"आन् बाप?"

"बाप उठून बसला. म्हने, पोरा, जमू दे तुहा सौदा, मी थांबतो तवरक."

मी नेमकं तेव्हा बटण दाबलं होतं. कॅमेऱ्यानं विचार करून फोटो काढला तेव्हा मी रागानं मागं वळलो होतो. त्यामुळे त्या फोटोत दादा नाही. गाव आहे. तोंडं उघडी टाकून हसणारं सगळं गाव, शेजारीपाजारी, काका, शाळेत माझ्या बाकावर बसणारे. कोण कोण हसत होतं ते त्यात स्वच्छ दिसतं.

संध्याकाळी दादा आरशापुढं तोंडावरची पावडर पुसत बसला होता. मी दारात उभा राहिलो.

"बापाच्या मरनावर लोकाले हसवलं तू."

"माहा बी बाप होता गा, लहान्या. मले हसू आलं म्हनून लोकाले आलं."

"वापस घे."

"कोनाले वापस घेऊ? दंडारीतलं बोलनं तिथंच सोडून या लागते. तू घरी घेऊन आला, तं तुह्यापाशीच ठेव."

आमच्याकडं ती रीतच आहे. दंडारीत ज्याची फिरकी घेतली त्यानं राग धरायचा नसतो. राग धरला तर चूक त्याची. पण ही रीत ज्यांनी केली त्यांना कधी रडत रडत बांबूवाल्याशी भांडावं लागलं होतं की नाही, हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी निघून आलो. त्यानंतर मंडईला गेलो नाही. कार्याप्रसंगी भेट व्हायची, पण बोलणं वहिनीच्या मार्फत. "भाऊजी, तुमचे दादा इचारून राह्यले, जेवले का म्हणून." मी म्हणायचो, "जेवलो म्हना." तो तिथंच हातभर अंतरावर बसलेला असायचा.

दुकान मात्र त्या वर्षांत वाढलं. रोल धुणारे स्टुडिओ एकेक करून बंद पडत गेले आणि माझ्या काचेत छोटे कॅमेरे वाढत गेले. नागपूरच्या ठोक बाजारात मला भाव सांगताना लोक आधीच कपाळाला हात लावायचे. तिथला एक व्यापारी म्हणायचा, "आप माल लेने आते हो या मेरा खून पीने?" मी म्हणायचो, "दोनों का रेट बताओ."

मला मालाची पारख होती. कंपनीवाले काय सांगतात ते मी ऐकून घ्यायचो आणि स्वतः वापरून बघायचो. सेलवाला कॅमेरा जड, खिशात मावत नाही, साध्या सेलवर फ्लॅश मारला तर लवकरच मान टाकतो. पण तो सालेकशाच्या जंगलातल्या गावीसुद्धा चालतो, कारण सेल कुठल्याही किराण्यात मिळतो. पातळ कॅमेरा दिसायला देखणा, शर्टाच्या खिशात बसतो, लग्नात बायकांच्या पर्समध्ये जातो. पण त्याची बॅटरी त्याच कंपनीची, दुसरी लागत नाही, गोंदियात मिळत नाही. चार्जिंग संपलं की देखणा दगड. त्याचं भिंग लहान, म्हणून मांडवात कमी उजेड असला की फोटोवर रांगोळी सांडल्यासारखे दाणे येतात, आणि फ्लॅश मारला की नवरीचं तोंड पांढरं, नवरदेवाचे डोळे लाल. झूमचं तर विचारूच नका. भिंग पुढं येऊन जवळ नेतं ते खरं झूम. डिजिटल झूम म्हणजे दूरच्या माणसाकडं डोळे बारीक करून बघणं. तो जवळ येत नाही, फक्त फाटका दिसतो. त्यात आपलं गोंदिया राईस मिलचं. कोंड्याची धूळ भिंगाच्या नळीत गेली की नळी अर्ध्यात अडकते, ना आत ना बाहेर. असे अडकलेले कॅमेरे घेऊन मिलवाले माझ्याशी भांडायला यायचे. मी आधीच सांगितलेलं असायचं, "मिल में मत निकालना." ते म्हणायचे, "मिल में नहीं निकालेंगे तो क्या मंदिर में निकालेंगे?"

एका कंपनीचं कार्ड दुसऱ्याला लागत नसे. त्यावरून किती नवरे-बायको माझ्या काउंटरवर भांडले. सगळ्याच छोट्या कॅमेऱ्यांचा एक मोठा गुण मात्र मी प्रत्येकाला सांगायचो. फोटो लगेच दिसतो. वाईट आला तर तिथंच कळतं, आणि माणूस समोर आहे तोवर दुसरा काढता येतो.

दादा आणि वहिनी दुकानात आले ते असेच एका दुपारी. मी एका गिऱ्हाइकाशी बोलत होतो. दादा काचेपाशी उभा राहिला, आत वाकून बघत. वहिनी बाकावर बसली. गिऱ्हाईक गेलं तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, आवाजाची पेटी काढा लागते. काढली नाही तं पसरते म्हने."

कितीतरी महिने त्याचा घसा बसलेला होता. आम्हाला वाटलं गाण्यानं बसला. सुपारी आणि तंबाखू घोटून केलेला खर्रा त्याच्या गालात कायम असायचा, पण तो कोणाच्या नसायचा? गावात खर्रा न खाणारा माणूस आजारी समजतात.

दादाशी सरळ बोलायची सवय राहिली नव्हती. दादानं काचेवर बोट ठेवलं. "यातला कोनता बोलते?" त्याचा आवाज सुतळी ओढल्यासारखा येत होता.

वहिनी म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी भरून ठेवा म्हनते मी. घरात आवाज पाह्यजे मले. बाकी कायी नाही मांगत."

मी म्हटलं, "टेपवर भरू. टेप आहे आपल्यापाशी."

माझ्याशी सरळ न बोलता दादा वहिनीला म्हणाला, "टेपचा आवाज आंधरा राह्यते. लुगडं कोन पाहील मंग?"

मोबाईलवर व्हिडिओ निघायचा त्या काळी, पण टपालाच्या तिकिटाएवढा. राहिले कॅमेरे. जाड, सेलवाला, व्हिडिओ लांबलचक काढणारा, पण मुका. आणि एक पातळ, नुकताच आलेला. त्यात आवाज येत होता, बरा येत होता, पण व्हिडिओ सुरू असताना झूम चालत नव्हतं आणि बॅटरी व्हिडिओवर भराभर उतरायची. मी दोन्ही काढून काउंटरवर ठेवले आणि समजावून सांगितलं. दादा ऐकत होता. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाला, "एक मुका अन् एक अशक्त. घरचेच झाले दोघं."

त्या क्षणी मी एक ठरवलं, आणि ते लपवत नाही. हा आवाज जायच्या आधी त्या आवाजातून मला एक वाक्य पाहिजे होतं. चुकलं, एवढंच. ते त्याच्या तोंडून, कॅमेऱ्यात.

ठरल्या दिवशी मी सकाळीच गावाला पोचलो. थंडी होती. पातळ कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण भरून आणली होती, जाडासाठी सेल. दादा लुगडं नेसून तयार होता. मिशी काढली होती. पावडर, कुंकू, बांगड्या. गळा सुजलेला होता म्हणून वहिनीनं त्यावर साखळीचे दोन-तीन पदर ओढून दिले होते. ढोलकीवाला, त्याचा जुना साथीदार, अंगणात बसला होता. मंडई संपून गेली होती, तरी शेजारचे लोक कुंपणाला येऊन उभे राहिले.

मी पातळ कॅमेरा धरला. ढोलकी वाजली, दादानं गवळण धरली. दोन ओळी झाल्या आणि मी थांबवलं. लावून बघितलं तर नुसती ढोलकी. त्या छोट्या माईकला दोन आवाजांतला मोठा तेवढा कळतो. मोठा आला की तो लहान्याला दाबून टाकतो. दादाचा आवाज तर आधीच अर्धा झालेला.

"ढोलकी बंद करा लागते," मी म्हटलं.

ढोलकीवाल्यानं हात उचलले. दादा म्हणाला, "ढोलकीबिना गाऊ? मी काय बारशाले आलो का?" तरी त्यानं प्रयत्न केला. वरचा सूर लावायला गेला आणि नुसता वारा आला. पुन्हा गेला, पुन्हा वारा. कुंपणावरचे लोक जमिनीकडं बघायला लागले. मी जवळ जाऊ शकत होतो, पण जवळ गेलं की लुगडं फ्रेमच्या बाहेर, लांब राहिलं की आवाज बाहेर. झूम चालत नाही. लुगडं आणि आवाज दोन्ही एका वेळी त्या कॅमेऱ्यात मावेनात.

ठेवायचा होता तो आवाज आधीच गेला होता. हे आम्हाला दोघांनाही त्या अंगणात कळलं. दादा म्हणाला, "मुक्यालेच आन."

मग जाड कॅमेरा स्टुलावर ठेवला. ढोलकी पुन्हा सुरू झाली आणि दादा नाचला. सगळं केलं, गिरकी, लाजणं, घागर, सासूची नक्कल. ओठ हलवत राहिला. मध्ये सेल संपले. वहिनीनं किराण्यातून दुसरे आणले आणि तो तसाच हात उंचावून थांबला होता. तो व्हिडिओ माझ्याकडं आहे. बघताना हात आपोआप आवाज वाढवायला जातो.

दुपारी तो दमून घरापुढच्या सपरीत बसला, लुगड्यातच. पातळ कॅमेऱ्यात थोडी बॅटरी उरली होती. चार्ज करू म्हटलं तर गावात लोडशेडिंग, लाईट संध्याकाळी येणार. मी म्हटलं, "नुसतं बोल. गानं राहू दे."

त्या माईकला आवाज पकडायचा तर हाताच्या अंतरावर बसावं लागतं. मी त्याच्या समोर पाटावर बसलो. इतक्या जवळ आम्ही बाप गेल्यापासून बसलो नव्हतो. त्याच्या कपाळावर घामानं कुंकू उतरलेलं दिसत होतं. मी बटण दाबलं.

"काय बोलू? धानाचा भाव सांगू?"

"दादा, कॅमेरा सुरू आहे. त्या मंडईचं एक म्हन. म्हन, चुकलं."

तो बघत राहिला. डोळे भिंगावर नव्हते, माझ्यावर होते. मग हसला.

"कायले म्हनू? तुह्या दुकानात तूच पाटी लावली ना गा, लहान्या. बिका हुआ माल वापस नहीं होगा. माहा बी माल इकून झाला. लोकं घेऊन गेले घरी."

ही पाटी माझ्या काउंटरच्या वर खरंच आहे. मागं वहिनी हसली. तिचं हसणं त्यात आलं आहे, मोठं, मोकळं. दादा पुढं म्हणाला, "आन् आयक..." आणि पडदा काळा झाला, भिंग आपोआप आत गेलं. बॅटरी संपली.

लोक मला विचारतात, पुढं काय म्हणाला? पुढं त्यानं चहा मागितला.

तेवढाच व्हिडिओ स्वच्छ आला. घसा बसलेला आहे, पण शब्द न् शब्द कळतो. ढोलकी नाही, वारा नाही, माणूस हाताच्या अंतरावर. छोट्या कॅमेऱ्यात आवाज यायला जे जे लागतं ते सगळं त्या वेळी होतं. आणि त्यात आलं ते हे, की तो माझी माफी मागणार नाही.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर पातळ कापड. कधीकधी एसटीनं गोंदियाला यायचा आणि दुकानातल्या बाकावर बसून माझं भाव करणं बघायचा. गिऱ्हाईक भावासाठी अडून बसलं की बोटं हलवून मला खुणावायचा, सोड, दे. मी देत नसे. एकदा मी त्याच्यासाठी तो व्हिडिओ लावला. "काय बोलू" एवढं ऐकलं आणि त्यानं पडद्यावर तळहात ठेवला. हळूच. आतून त्याचा आवाज येत राहिला आणि बाहेर तो हात तसाच धरून बसला. मी बंद केलं. पुन्हा कधी लावलं नाही.

वहिनीनंही तो फार लावला नाही. "घरात आवाज पाह्यजे" म्हणाली होती, पण तो समोर बसलेला असताना त्याचाच आवाज पेटीतून कसा लावायचा? मी तिला मोठ्या पडद्याचा कॅमेरा नेऊन दिला होता. तो फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा.

मग तो गेला. आजार दुसरीकडं पसरला होता. या वेळी बांबू आणायला मी गेलो नाही. गावातले दुसरे गेले आणि त्यांनी काय भाव दिला ते मी विचारलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर दंडारीतली दोन माणसं दुकानात आली. ढोलकीवाला आणि तो जोकर. बाकावर बसले, चहा झाला, तरी बोलेनात.

"काय ते सांगा ना," मी म्हटलं, "दुकान आहे, मुकी मंडळी बसली तं गिऱ्हाईक पळते."

जोकर म्हणाला, "शेठ, मंडईले दादाचा आवाज लावू म्हनतो. भोंग्यावर."

"आवाज आहेच कुठं? जो आहे त्यात मलेच बोललेला आहे तो."

"तोच द्या."

"कार्ड देनार नाही. कोनाच्या हाती देनार नाही."

"मंग तुमी या."

मी हो म्हटलं. त्यांनी घासाघीस करायची तयारी केली असावी. उठताना गोंधळल्यासारखे दिसले.

इतक्या वर्षांनी मी मंडईला गेलो. मोटरसायकल कुंपणाशी लावली. लोकांनी वाट करून दिली. कोणी जुनं काही काढलं नाही. पातळ कॅमेऱ्यासोबत एक वायर मिळायची, तिची पिवळी पिन चित्राची आणि पांढरी आवाजाची. चित्र दाखवायला तिथं काही नव्हतं. पांढरी पिन मी अॅम्प्लिफायरला लावली. भोंगा मांडवाच्या खांबाला बांधलेला होता. जोकर माईकवर म्हणाला, "आता सगळ्यांनी उभं राहा." सगळे उभे राहिले. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मी बटण दाबलं.

"काय बोलू? धानाचा भाव सांगू?" दादा भोंग्यातून मोठ्यानं बोलला. झाडावरची पाखरं उडाली. मग माझा आवाज आला, म्हन, चुकलं, आणि साऱ्या गावानं ऐकलं की मी इतकी वर्षं काय मागत होतो. मला वाटलं होतं लाज वाटेल. पण मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं. पाटी, माल, लोक घेऊन गेले घरी. चांगलं जमलेलं वाक्य होतं ते, मला तेव्हाही कळलं होतं. ढोलकीबिना, लुगड्यात घामेजून, तुटक्या घशानं त्यानं ते नेमक्या जागी टाकलं होतं.

कोणी हसलं नाही. माना खाली. एक बाई पदरानं नाक पुसत होती. भोंग्यात वहिनी मोकळेपणानं हसली, आणि तीच वहिनी बायांमध्ये तोंडावर पदर दाबून उभी होती. "आन् आयक" झालं आणि खरखर उरली.

माझ्या पुढ्यात एक म्हातारा हात जोडून उभा होता. त्याला मी म्हटलं, "हात काऊन जोडता बुवा? हसाची गोष्ट होती ते."

त्यानं मान हलवली आणि हात जोडलेलेच ठेवले.

बॅटरी होती. मी पुन्हा लावलं, या वेळी आवाज वाढवून. लोक तसेच उभे राहिले, शेवटपर्यंत.